जहाज घेऊ दे त्यांना

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पाच मित्र, डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ), तू पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट आणि बाकीचं सगळं जग चालवणारा. तीन महिने रात्री जागून चाळीस पानांची गोष्ट लिहिलीस, राजा मरणपंथाला लागलाय, वारस बेपत्ता आहे, पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, त्याला शोधून आणायचा, आठव्या सेशनला (आठव्या बैठकीला) कळणार की राजाच्या भावानेच त्याला गायब केलंय. आणि दुसऱ्याच सेशनला पार्टीने राजाच्या दूताला "बघतो, कळवतो" म्हणून वाटेला लावलं आणि बंदरावर जाऊन जहाज विकत घ्यायच्या मागे लागली. आता गोष्ट रुळावर परत कशी आणू, असं विचारतोयस.

नको आणूस. जहाज घेऊ दे त्यांना. मी नऊ वर्षं पुण्यात गेम चालवतेय, तीन मोठी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टी, शेवटपर्यंत गेली, दोन अर्ध्यात मेली, आणि मेलेल्या दोन्हींमध्ये मी हेच करत होते, रुळावर आणत होते.

थोडा जुना किस्सा सांगते, कारण तुला वाटतंय की तुझं काहीतरी चुकलं. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्ह वेसली म्हणून एकाने त्याच्या युद्धखेळवाल्या मित्रांसाठी एक डाव मांडला, ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, काळ नेपोलियनच्या लढायांचा. नेहमी दोन बाजूंना दोन सैन्यं असायची, याने त्याऐवजी एकेकाला गावातला एकेक माणूस दिला आणि प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवंय असं ठेवलं. त्याचा अंदाज असा की थोडा वेळ हे चालेल, मग सैन्यं येतील आणि खरा खेळ सुरू होईल. झालं काय तर लोक पांगले, कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, परस्पर सौदे झाले, एक द्वंद्व पण झालं आणि लढाई राहिली बाजूलाच. वेसली घरी गेला तो आपला डाव फसला असं समजून. मित्र मात्र परत कधी परत कधी म्हणून मागे लागले. त्या मित्रांमध्ये डेव्ह आर्नेसन होता, ज्याने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये हा आपला खेळ काढला. म्हणजे खेळाडू ठरलेलं सोडून भलतीकडेच गेले, यातूनच तर हे सगळं सुरू झालंय. तुझं टेबल परंपरेला धरूनच चाललंय.

आता मुद्द्याचं. तू चाळीस पानांत "काय होणार" ते लिहिलंस. मीपण पहिल्या कॅम्पेनला तेच केलं होतं. पार्टीचा एक गुरू होता, म्हातारा, प्रेमळ, आणि तो गद्दार आहे हे दहाव्या सेशनला कळणार असं मी ठरवलेलं. चौथ्या सेशनला आमची क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारं पात्र) तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे तिसऱ्या पायरीला पोचली, तिला झोन ऑफ ट्रुथ हा खोटं बोलू न देणारा स्पेल, म्हणजे मंत्र, मिळाला आणि तिने ते सहज, गंमत म्हणून गुरूवर टाकलं. मी घाबरले आणि म्हटलं, त्याच्याकडे एक ताईत आहे, त्याच्यावर चालत नाही. ती खेळाडू काही बोलली नाही. फक्त तिने कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, उलटी करून ठेवली आणि बाकीचा वेळ फोन बघत बसली. तिला कळलं होतं की तिने काय केलं याला काही अर्थ नाही, माझं आधीच ठरलंय. नंतर मी तो स्पेल नीट वाचला तर त्यातच लिहिलेलं, समोरच्याला कळतं की आपल्यावर हे टाकलंय आणि तो उत्तर टाळू शकतो, फक्त धडधडीत खोटं बोलू शकत नाही. म्हणजे म्हातारा चहाचा कप खाली ठेवून नुसता म्हणाला असता, "हे तू मला न विचारता केलंस, बाळ?" तरी काय सीन झाला असता! दहाव्या सेशनची वाट बघायची गरजच नव्हती.

तेव्हापासून मी काय होणार ते लिहीत नाही. कुणाला काय हवंय आणि कुणी अडवलं नाही तर काय होईल, एवढंच लिहिते. ऐकायला फरक छोटा वाटतो पण टेबलावर जमीन-अस्मानाचा आहे.

उदाहरण देते, माझं दुसरं कॅम्पेन धरणाचं होतं. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ आहे ना, पाणी उतरलं की वर येतं, ते लहानपणी बघितलेलं डोक्यात बसलं होतं. तर एक खोरं, त्यात सात गावं, जादूगारांचं मंडळ तिथे धरण बांधतंय, आणि बुडणाऱ्या देवळाखाली काहीतरी झोपलंय. मी तीन माणसं लिहिली. एक बांधकामाची मुख्य बाई, तिला पावसाळ्याच्या आत भिंत पुरी करायचीय, नाही झाली तर तिच्या हाताखालचे कैदी मजूर परत खाणीत जाणार. दुसरा वरच्या गावचा पाटील, लोकांसमोर धरणाविरुद्ध बोलतो पण स्वतःची जमीन गुपचूप विकून मोकळा झालाय. आणि तिसरी देवळातली पुजारीण, तिला देऊळ बुडायलाच हवंय, कारण खाली काय आहे ते फक्त तिलाच माहीत आहे.

मी मनात धरून चालले होते की पार्टी गावांच्या बाजूने लढणार, कोण नाही लढणार. आणि आमचा ड्वार्फ (बुटक्या जमातीचं पात्र), जो एरवी फक्त कुऱ्हाड फिरवतो, तो म्हणाला, खालच्या अंगाला दुष्काळ आहे असं तूच पहिल्या सेशनला सांगितलंस, मग हे पाणी तिकडे जाणार ना, मग आपण कुणाच्या बाजूने आहोत? दीड तास पार्टी आपापसात भांडली. एकही फासा पडला नाही, मी एक शब्द बोलले नाही, उठून चहा टाकला. शेवटी ते बांधकामवाल्या बाईच्या बाजूला गेले, तीन विरुद्ध दोन. कथानक लिहून ठेवलं असतं तर त्या रात्री मी परत दुसऱ्या कुठल्यातरी दूताला पाठवून त्यांना गावाकडे वळवलं असतं. नव्हतं लिहिलं म्हणून मला फक्त बघायचं होतं की आता पाटील काय करेल, पुजारीण काय करेल. त्यांना काय हवंय ते तर माहीतच होतं.

तयारी किती करायची, हा पुढचा प्रश्न येतोच. माझी एका सेशनची तयारी एका पानात बसते आणि तासाभरात होते. पानाच्या वर मागच्या वेळी पार्टीने काय करायचं ठरवलं ते, कारण प्रत्येक सेशनच्या शेवटच्या पाच मिनिटांत मी विचारतेच, पुढच्या वेळी कुठे जाणार, काय करणार? (हे एक जरी सुरू केलंस ना, तरी तुझी अर्धी डोकेदुखी जाईल. ते बंदर म्हणाले तर बंदराची तयारी, राजवाड्याची करायचीच नाही.) मग दोन-तीन माणसं, प्रत्येकाला काय हवंय, कशाची भीती आहे आणि या आठवड्यात पार्टी आली नाही तर तो काय करणार. मग घड्याळं. घड्याळ म्हणजे वहीत एक गोल काढायचा, त्याचे सहा किंवा आठ भाग करायचे, आणि शेजारी लिहायचं "धरण पुरं होतं" किंवा तुझ्या बाबतीत "राजा मरतो". पार्टीने काही केलं नाही तर दर सेशनला एक भाग काळा करायचा, घोळ घातला तर दोन, आणि काही चांगलं केलं तर त्या वेळी भरायचाच नाही. मी हा गोल टेबलावर उघडा ठेवते, लपवत नाही. राजाच्या गोलाचे सहापैकी चार भाग काळे झालेले दिसले की लोक आपोआप राजाबद्दल बोलायला लागतात, ढकलावं लागत नाही.

आणि नावांची यादी. आयत्या वेळी नाव सुचत नाही आणि मग दर तिसरा दुकानदार "अं... बॉब" होतो. मी आधी लांबलचक एल्फ नावं द्यायचे, कुणाच्या लक्षात राहायची नाहीत, "तो कानवाला" म्हणायचे सगळे. आता साधी, तीन अक्षरांची ठेवते.

रहस्य असेल तर एक जुना सल्ला पाळ, पार्टीला जे कळायलाच हवं त्याच्या किमान तीन वाटा ठेव. एक खूण ते बघणार नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ काढतील, तिसरी कशीबशी लागेल. तू लिहिलंयस की भावाचं कारस्थान फक्त त्याच्या खोलीतल्या पत्रातून कळतं, आणि खोलीचं कुलूप उघडायला डीसी २० चा चेक आहे, म्हणजे फासा आणि पात्राचं कौशल्य मिळून किमान वीस यायला हवेत. म्हणजे एक फासा पडला नाही की गोष्ट संपली. फासे तिथेच टाकायला लाव जिथे पडणं आणि न पडणं दोन्हीत तुला मजा आहे. कुलूप हुकलं तर मी म्हणते, उघडलं, पण आतला कुत्रा जागा झाला. पत्र मिळतंच, किंमत बदलते.

शिवाय पाचव्या लेव्हलला काय काय येतं ते आत्ताच वाचून ठेव. क्लेरिकला स्पीक विथ डेड मिळतं, मढ्याला पाच प्रश्न विचारता येतात, तेव्हा खून हे तुझं रहस्य असेल तर अडचण आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत, मढ्याला तोंड शिल्लक हवं, त्याला जिवंतपणी माहीत होतं तेवढंच ते सांगतं, आणि ज्याला मागून मारलं त्याने खुनी बघितलेलाच नसतो. याच लेव्हलला रिव्हिव्हिफाय येतं, मेल्यापासून एका मिनिटाच्या आत आणि ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्चून माणूस परत उठतो. मी स्पेल बंद करत नाही. हिरे कुठे मिळतात एवढंच बघते. धरणाच्या खोऱ्यात हिरे फक्त मंडळाकडे होते, बास, पार्टी कुणाच्या उपकाराखाली जगतेय हा एक नवाच विषय निघाला.

एक गोष्ट तुला लगेच मोहात पाडेल म्हणून आधीच सांगते. तू म्हणशील, ठीक आहे, घेऊ दे जहाज, मी गुपचूप वारसाला त्याच जहाजाच्या तळघरात ठेवतो. हे करू नको. म्हणजे यात बारीक फरक आहे. गुहेचा नकाशा काढलास आणि ते गुहेत गेलेच नाहीत, तर तो पुढे कुठल्यातरी बेटावर वापर, कुणाला माहीतच नव्हतं, कुणाचं काही गेलं नाही. पण त्यांनी समजून उमजून राजाचं काम नाकारलंय, आणि तरी ते दारातून घालवलेलं खिडकीतून आत आलं तर त्यांच्या नाकारण्याला काय अर्थ राहिला. एकदा खपेल, तिसऱ्यांदा शीट उलटी पडेल. जगाने उत्तर द्यावं, ते मात्र खुशाल. त्यांनी नाही म्हटलं तर राजा दुसऱ्या कुणालातरी पाठवणार ना! ती दुसरी टोळी, जरा जास्त चकचकीत, जरा आगाऊ, आगाऊ रक्कम घेतलेली, त्यांना बंदरावरच्या खानावळीत भेटू दे. नुसती भेटू दे. पार्टीला त्यांचा इतका राग येईल बघ.

आता बॅकस्टोरीबद्दल, म्हणजे पात्रांच्या पूर्वेतिहासाबद्दल. पाचपैकी चार पात्रं अनाथ आहेत म्हणतोस, ते सगळीकडेच असतात. लोकांना वाटतं, आईवडील जिवंत ठेवले तर डीएम त्यांना मारणार, आणि खोटं नाही, आपण मारतोच. मी सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बोलण्याच्या बैठकीला, सरळ शब्द देते की तुम्ही दिलेलं माणूस मी तुम्हाला विचारल्याशिवाय मारणार नाही, आणि मग तीन नावं मागते. एक जिवंत माणूस ज्याचा तुमच्यावर जीव आहे, एक ज्याचं तुम्ही काहीतरी देणं लागता, आणि एक ज्याच्या समोर जायची तुम्हाला लाज वाटते. दहा पानी इतिहास नको, तो वाचायला मलाही कंटाळा येतो. तिसरं नाव सगळ्यात कामाचं, ते मी जपून ठेवते.

सेशन झीरो झाला नसेल तर आता कर, दोन सेशन झाले म्हणून काही बिघडलं नाही. त्यात काय खेळायचंय ते जसं विचारायचं तसं काय नको तेही विचारायचं. आमच्यात एकाने सांगितलं होतं की आजारी वडील हा विषय नको, कारण नाही सांगितलं, आम्ही विचारलं नाही. तुझ्याकडे राजा अंथरुणावर खिळलेला आहे, तेव्हा खरंच विचार. आणि हेही विचार की त्यांना दरबारी कारस्थान हवंय का समुद्री चाचेगिरी, कारण मला तरी वाटतंय त्यांनी उत्तर दिलेलंच आहे.

आता माझा आवडता विषय. भाषा. आमच्या टेबलावर नियम इंग्रजीत आणि माणसं मराठीत असतात, तुमच्याकडेही तसंच असणार. पहिल्या कॅम्पेनला मी प्रत्येक शेतकऱ्याला ओढूनताणून वऱ्हाडी बोलायला लावायचे, लोक हसायचे, मला वाटायचं जमतंय. मग अमरावतीच्या एका खेळाडूने शांतपणे विचारलं, आमच्याकडचे सगळे विनोदीच का गं? आणि खरंच, पुढे एका शेतकऱ्याचं पोर मेलं त्या सीनला पण टेबल हसलं, कारण मीच सवय लावलेली. तेव्हा बोली नीट येत नसेल तर उसनी आणू नको. त्यापेक्षा मराठीत एक फुकटचं हत्यार आहे, तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत चालवणाऱ्यांना हे मिळतच नाही. माझी ती बांधकामवाली बाई सगळ्यांना, अगदी मजुरांनासुद्धा, आपण म्हणायची. आपण बसावं, आपण पाणी घेतलंत का. सव्वीस सेशनमध्ये एकदाच तिने पार्टीतल्या एकाला "तू" म्हटलं, पुजारिणीला त्यांनी सोडून दिलं त्या रात्री. "तू हे का केलंस?" एवढंच. मी आवाज बदलला नव्हता, पार्श्वसंगीत नव्हतं, काही नव्हतं, आणि टेबलावर पिन पडली तर ऐकू येईल अशी शांतता. राजाच्या भावाला असं काहीतरी दे. तो सख्ख्या भावाला चारचौघात महाराज म्हणतो आणि एकटा असताना लहानपणीच्या नावाने हाक मारतो, इतकं पुरे, त्याची खलनायकी मिशी वगैरे वर्णन करत बसू नको.

मारामाऱ्या कमी ठेव. पाच खेळाडूंची एक बऱ्यापैकी लढाई पाऊण-एक तास खाते, तीन तासांच्या सेशनला दोन लढाया झाल्या की गोष्टीला जागा कुठे उरली. आणि लढाईत मारण्याशिवाय काहीतरी दुसरं काम दे, चार राऊंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राऊंड) दोर कापायचा, जळत्या गोदामातून हिशेबाची वही काढायची. हरायला आलेले लोक पळतात हेही लक्षात असू दे. पळालेला माणूस पुढच्या सेशनला परत येतो, आणि आता त्याला पार्टीची नावं माहीत असतात.

वेळापत्रकाने जेवढी कॅम्पेन मारली तेवढी ड्रॅगनने नाही मारली. आमचं एक शनिवार सोडून एक असतं, कागदावर वर्षाला सव्वीस होतात, प्रत्यक्षात गणपती, दिवाळी, कुणाचं रिलीज, कुणाच्या बहिणीचं लग्न जाऊन सोळा-सतरा. पाचातले तीन आले तर खेळायचं, नाहीतर सगळे येतील त्या दिवसाची वाट बघता बघता गेम संपतो. मागच्या वेळी काय झालं ते मी सांगत नाही, एका खेळाडूला सांगायला लावते. त्यातून कळतं की त्यांच्या डोक्यात काय राहिलंय, आणि जे राहिलं तीच तुमची गोष्ट. मी तासभर रंगवलेली पुजारिणीची भविष्यवाणी कुणालाच आठवत नव्हती. पाटलाच्या घरचं खेचर सगळ्यांना आठवत होतं. खेचर शेवटपर्यंत राहिलं.

तर येत्या शनिवारसाठी एवढंच कर. जहाज कोण विकतंय आणि का विकतंय ते ठरव, त्याला खरं म्हणजे विकायचं नाहीये पण कुणाचं तरी देणं आहे असं काहीतरी. किंमत त्यांच्या ऐपतीच्या थोडी वर ठेव, म्हणजे कर्ज काढावं लागेल, आणि कर्ज देणारा माणूस तुझ्या गोष्टीत कायमचा आला. राजाच्या गोलाचा एक भाग काळा कर आणि तो त्यांच्यासमोर कर. चाळीस पानं फाडू नको, त्यातली माणसं, नकाशे, नावं वेगळी काढून ठेव, लागतील. आणि जहाजाचं नाव त्यांनाच ठेवू दे, त्यात तुझा अर्धा तास आरामात जाईल, तेवढ्यात चहा टाक.